गाडी रस्त्यात बंद पडली तर : भरवशाची टोइंग सेवा कशी निवडावी

खंडाळ्याच्या चढावर क्लच जळालेली मोटार घेऊन उभ्या असलेल्या माणसाला निवड करायला सवड नसते. मागून कंटेनर येत असतात, गाडीत मुले असतात, मोबाईलची बॅटरी उतरत चाललेली असते आणि अशा वेळी जो पहिला फोन उचलेल त्याला माणूस हो म्हणून मोकळा होतो. म्हणूनच टोइंग सेवेची निवड ही गाडी सुरळीत चालत असताना, घरी बसून करण्याची गोष्ट आहे. फोनवर बोलताना समोरचा माणूस भरवशाचा आहे की नाही, हे ओळखण्याची एक सोपी कसोटी आहे. चांगला टोइंगवाला दर सांगण्याआधी प्रश्न विचारतो. गाडी कोणती, गिअर हाताचा की ऑटोमॅटिक, चाके फिरतात का, गाडी रस्त्यावर आहे की तळघरात, अपघात झाला आहे की नुसतीच बंद पडली आहे, हे कळल्याशिवाय कोणते वाहन पाठवायचे ते त्याला ठरवताच येत नाही. जो काहीही न विचारता थेट आकडा सांगतो, तो हाताशी असेल ते वाहन पाठवणार आणि जागेवर आल्यावर आकडा बदलणार, असे समजून चालावे.

आधी स्वतःची पॉलिसी वाचावी

पैसे मोजून सेवा शोधण्याआधी आपल्याकडे ती अगोदरच आहे का, हे पाहावे. नव्या गाडीबरोबर उत्पादक कंपनी ठरावीक काळासाठी रस्त्यावरील साहाय्य देते आणि विम्याबरोबरही थोडा जादा हप्ता भरून ते जोडता येते. अनेकांनी हा हप्ता भरलेला असतो, पण ऐन वेळी त्यांना त्याची आठवण राहत नाही. पॉलिसीच्या या भागात चार गोष्टी शोधाव्यात : वर्षातून किती वेळा सेवा मिळेल, किती किलोमीटरपर्यंत गाडी मोफत नेतील, ती जवळच्या अधिकृत केंद्रातच नेतील की तुम्ही सांगाल तिथे, आणि स्वतः खर्च करून नंतर भरपाई मागता येते का. शेवटचा मुद्दा महत्त्वाचा आहे, कारण बहुतेक योजनांत आधी कंपनीच्या क्रमांकावर फोन करून तक्रार क्रमांक घेतला नसेल, तर नंतर पावती दाखवून उपयोग होत नाही.

जादा हप्ता भरलेला नसला, तरी खासगी मोटारीच्या सर्वसमावेशक पॉलिसीत अपघातग्रस्त गाडी जवळच्या दुरुस्ती केंद्रापर्यंत नेण्याच्या खर्चाची तरतूद असते. जुन्या मोटार टॅरिफपासून (मोटार विम्याच्या ठरवून दिलेल्या दरपत्रकापासून) चालत आलेली तिची मर्यादा एका अपघातामागे १,५०० रुपये इतकी आहे. आजच्या भावात ती अपुरी पडते आणि गाडी नुसती बिघडून बंद पडली असेल, तर तीही लागू होत नाही. केवळ तृतीय पक्षाचा विमा असेल, तर तेवढेही मिळत नाही.

महामार्गावर असाल तर राष्ट्रीय महामार्गांसाठी १०३३ हा मदत क्रमांक आहे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि नागपूर-मुंबई समृद्धी महामार्ग हे राज्य रस्ते विकास महामंडळाकडे असल्याने त्यांचे मदत क्रमांक वेगळे आहेत आणि ते प्रवासाला निघण्यापूर्वीच फोनमध्ये साठवलेले बरे. मात्र महामार्गावरच्या क्रेनचे मुख्य काम रस्ता मोकळा करणे हे असते. ती तुमची गाडी मार्गिकेतून हलवून सुरक्षित जागी किंवा टोल नाक्याजवळ लावेल. तिथून तुमच्या गॅरेजपर्यंतचा प्रवास तुमचा तुम्हालाच ठरवावा लागतो. तरीही हा फोन पहिला करावा, कारण खाजगी टोइंगवाला यायला दीड तास लागणार असेल, तर तेवढा वेळ गाडी वेगवान मार्गिकेच्या कडेला उभी राहणे धोक्याचे असते.

कोणत्या गाडीला कोणते वाहन

या विषयात ग्राहकाची सर्वाधिक फसगत इथे होते आणि नुकसानही इथेच होते, म्हणून हा भाग नीट समजून घ्यावा.

टोइंगची वाहने साधारण तीन प्रकारची असतात. फ्लॅटबेड म्हणजे सपाट, मागे झुकणारा हौदा असलेला ट्रक. गाडी विंचने, म्हणजे तार गुंडाळून ओढणाऱ्या यंत्राने, वर ओढून घेतली की तिची चारही चाके जमिनीपासून सुटतात. दुसरा प्रकार अंडरलिफ्टचा : गाडीची पुढची किंवा मागची दोन चाके उचलायची आणि उरलेली दोन रस्त्यावर फिरवत न्यायची. तिसरा प्रकार म्हणजे हुक आणि साखळीची साधी क्रेन किंवा बांधकामावर दिसणारी हायड्रा. खड्ड्यात किंवा दरीच्या कडेला गेलेली गाडी वर काढायला हायड्राला पर्याय नाही, पण धडधाकट मोटार साखळीला टांगून गॅरेजपर्यंत नेणे म्हणजे बंपर आणि खालचा भाग हमखास वाकवून घेणे आहे.

गाडीची कोणती चाके इंजिनाशी जोडलेली आहेत, यावर पुढचे सगळे अवलंबून असते. स्विफ्ट, वॅगनआर यांसारख्या बहुतेक लहान मोटारींत पुढची चाके ओढतात, त्यामुळे अंडरलिफ्टने पुढची बाजू उचलली की मागची चाके विनासायास फिरतात. अट एवढीच, की हँडब्रेक सोडलेला हवा. बोलेरो, ईको, इनोव्हा क्रिस्टा अशा मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांत हे उलटे होते. फोर बाय फोर थारसारख्या किंवा सर्व चाकांवर चालणाऱ्या गाडीची दोनच चाके उचलून नेल्यास ट्रान्स्फर केस आणि डिफरन्शियल या चाकांना ताकद वाटून देणाऱ्या भागांना इजा होऊ शकते. ऑटोमॅटिक गाडीत गिअरबॉक्समधले तेल फिरवणारा पंप इंजिनावर चालतो. इंजिन बंद असताना ओढणारी चाके लांबवर फिरत राहिली, तर आतले भाग तेलाविना घासतात आणि क्षुल्लक बिघाडासाठी निघालेली गाडी गिअरबॉक्सचा मोठा खर्च घेऊन गॅरेजला पोचते. एएमटी, म्हणजे गिअर आपोआप बदलणारे यंत्र जोडलेल्या गाडीचा गिअरबॉक्स हाताच्या गिअरसारखाच असला, तरी वीज गेल्यावर ती गिअरमध्येच अडकून राहू शकते. इलेक्ट्रिक मोटारीत चाके फिरली की मोटर फिरते आणि वीज तयार होऊ लागते. तिच्यासाठी फ्लॅटबेडखेरीज दुसरा विचार करू नये.

म्हणून माझे स्पष्ट मत असे, की ऑटोमॅटिक, फोर बाय फोर, इलेक्ट्रिक आणि अपघातात चाक वाकलेली गाडी यांना फ्लॅटबेडच मागवावा आणि तो यायला तासभर जास्त लागत असेल, तरी थांबावे. साध्या गिअरची पुढच्या चाकांवर चालणारी गाडी दहा-पंधरा किलोमीटर न्यायची असेल, तर अंडरलिफ्ट मागवून जादा पैसे वाचवण्यात काही गैर नाही.

घाटात मात्र मोठ्या वाहनाचा विचार वेगळा करावा लागतो. वरंध किंवा ताम्हिणीसारख्या घाटातल्या अरुंद वळणांवर लांब हौद्याचा ट्रक वळवायला जागा मिळत नाही. तिथे आधी छोट्या वाहनाने गाडी पायथ्याच्या मोकळ्या जागेत आणून मग फ्लॅटबेडवर चढवणे सोयीचे ठरते. त्या भागात काम केलेला टोइंगवाला हे स्वतःहून सांगतो.

मदतीला थांबलेला एखादा जीपवाला टोचन करून, म्हणजे दोरी किंवा साखळीने आपल्या गाडीमागे ओढून, नेण्याची तयारी दाखवेल. वाहतुकीच्या नियमांनुसार अशा वेळी दोन गाड्यांतले अंतर पाच मीटरपेक्षा जास्त नसावे, दोरी किंवा साखळी इतरांना स्पष्ट दिसावी, ओढल्या जाणाऱ्या गाडीच्या स्टिअरिंगवर परवानाधारक माणूस बसलेला असावा, तिच्या मागे ती ओढली जात असल्याचा फलक असावा आणि वेग ताशी २५ किलोमीटरच्या आसपासच ठेवावा लागतो. इंजिन बंद असल्याने ब्रेक दगडासारखा घट्ट होतो आणि पॉवर स्टिअरिंग जड होते, हे मागच्या गाडीत बसणाऱ्याने आधीच ध्यानात घ्यावे. चावी काढून घेतली, तर स्टिअरिंग लॉक होऊ शकते. पेट्रोल पंप समोर दिसत असेल, तर तेवढ्यापुरते टोचन ठीक आहे. उतारावर, रात्री किंवा पावसात ते करू नये.

फोनवर काय सांगावे, काय विचारावे

जागा सांगताना नुसते लोकेशन पाठवणे पुरेसे नसते. नकाशावरचा ठिपका दुभाजकाच्या पलीकडच्या बाजूला सरकलेला असू शकतो आणि समृद्धीसारख्या प्रवेश-नियंत्रित मार्गावर चुकीच्या बाजूने आलेल्या ट्रकला पुढच्या इंटरचेंजपर्यंत जाऊन वळून यावे लागते. म्हणून जवळच्या किलोमीटरच्या दगडावरचा आकडा सांगावा आणि कोणत्या दिशेने जात होता, तेही सांगावे : "पुण्याकडून मुंबईच्या बाजूला जाताना, डावीकडे." गाडीचे मॉडेल, गिअरचा प्रकार, चाके सरळ आहेत की नाहीत, बॅटरीत जीव आहे का, इलेक्ट्रॉनिक हँडब्रेक आहे का, हे सगळे एका दमात सांगावे. बॅटरी पूर्ण उतरलेली असेल, तर इलेक्ट्रॉनिक हँडब्रेक सुटत नाही आणि तो सोडवायला टोइंगवाल्याला जंप स्टार्टचे (बाहेरून वीज देण्याचे) साहित्य किंवा चाकांखाली घालायच्या छोट्या चाकांच्या डॉली बरोबर आणाव्या लागतात.

मग दराकडे वळावे. इथे 'किलोमीटरला किती' या प्रश्नापेक्षा 'किलोमीटर कुठून कुठपर्यंत मोजणार' हा प्रश्न महत्त्वाचा आहे. समजा, लोणावळ्यात बंद पडलेली मोटार पुण्यात आणायची आहे, म्हणजे साधारण ६५ किलोमीटर; पण टोइंगवाल्याचा ट्रक तळेगावात उभा असतो. तळेगावहून लोणावळा, तिथून पुणे आणि पुण्याहून पुन्हा तळेगाव, असे त्याचे चक्र १३० किलोमीटरच्या घरात जाते. यातल्या कोणत्या टप्प्याचे पैसे लावायचे, याची पद्धत प्रत्येकाची वेगळी असते आणि रिकाम्या परतीचे पैसे मागणे हा काही लबाडीचा प्रकार नाही, डिझेल त्यालाही लागतेच. लबाडी तेव्हा होते, जेव्हा फोनवर एका टप्प्याचा हिशोब सांगून गाडी हौद्यावर चढल्यानंतर दुसऱ्याचा सांगितला जातो. म्हणून किलोमीटरच्या दरावर घासाघीस करण्याऐवजी संपूर्ण कामाचा एकच आकडा ठरवून घ्यावा आणि त्यात टोल, रात्रीचा आकार, थांबण्याचा वेळ, विंचने ओढण्याचे पैसे आणि मदतनिसाची मजुरी धरली आहे की नाही, हे विचारावे. ठरलेले सगळे व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून पाठवावे आणि 'ओके' असे उत्तर मिळाल्यावरच ट्रक निघू द्यावा. त्याच संदेशात ट्रकचा क्रमांक, चालकाचा फोन आणि ट्रकचे चालू लोकेशन मागावे. 'निघालो' म्हणणारा ट्रक कित्येकदा आधीच्या कामातून सुटलेलाही नसतो.

क्रमांक शोधताना सावध राहावे. शोधयंत्रावर विमा कंपनीच्या किंवा उत्पादकाच्या नावाने खोटे मदत क्रमांक टाकून ठेवण्याचा उद्योग सर्रास चालतो. असा माणूस नोंदणीसाठी पाच-दहा रुपये भरायला सांगतो, एखादी लिंक पाठवतो किंवा अ‍ॅप उतरवून घ्यायला लावतो आणि खाते रिकामे होते. अधिकृत क्रमांक पॉलिसीच्या कागदावरून किंवा गाडीच्या पुस्तिकेतूनच घ्यावा. आगाऊ रक्कम मागणारा प्रत्येकजण चोर नसतो, लांबच्या कामाला डिझेलपुरते पैसे मागतात. पण पैसे मिळवण्यासाठी यूपीआय पिन कधीच टाकावा लागत नाही, एवढे लक्षात असले तरी पुष्कळ काही वाचते. फसवणूक झालीच, तर तासाभरात १९३० या सायबर मदत क्रमांकावर कळवावे.

ट्रक येईपर्यंत

इंडिकेटरचे चारही दिवे लावावेत, धोक्याचा त्रिकोण गाडीच्या बऱ्याच मागे ठेवावा, आणि सगळ्यांनी गाडीतून उतरून कठड्याच्या पलीकडे उभे राहावे. पाऊस आहे म्हणून गाडीत बसून राहण्याचा मोह होतो. द्रुतगती मार्गावर तो जिवावर बेतू शकतो.

अपघात झाला असेल, तर गाडी हलवण्याआधी चारही बाजूंनी, आणि रस्ता दिसेल अशा अंतरावरूनही, फोटो काढून ठेवावेत. कोणी जखमी असेल, तर १०८ आणि ११२ हे फोन टोइंगच्या आधी करायचे. अशा अपघाताची माहिती पोलिसांना चोवीस तासांच्या आत देणे हे मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ नुसार चालकाचे कर्तव्य आहे आणि पोलिसांनी जागा पाहण्यापूर्वी गाडी उचलून नेली, तर पुढे दाव्यातही अडचणी येतात. विमा कंपनीलाही गाडी हलवण्याआधीच कळवावे. गॅरेजमध्ये गाडी परस्पर उघडून बघितली गेली आणि विमा कंपनीचा सर्व्हेअर (नुकसानीची पाहणी करणारा) नंतर आला, की वाद सुरू होतात.

पावसाळ्यातला एक प्रसंग वेगळा आहे. मुंबईतल्या हिंदमाता किंवा अंधेरी सबवेसारख्या ठिकाणी पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा चालू करून पाहू नये. इंजिनात पाणी गेलेले असेल, तर स्टार्टर मारताच पिस्टन पाण्यावर आपटून कनेक्टिंग रॉड वाकतो आणि इंजिन संरक्षणाचा जादा हप्ता भरलेला नसेल, तर हा खर्च विमा कंपनी सहसा नाकारते. टोइंगवाल्यालाही "चावी फिरवू नका, विंचने ओढा" असे स्पष्ट सांगावे, कारण गाडी हौद्यावर चढवताना सवयीने इंजिन चालू करून पाहणारे मदतनीस असतात.

गाडी चढवताना

ट्रक आला की आधी त्याचा क्रमांक संदेशातल्या क्रमांकाशी ताडून पाहावा. दुसराच ट्रक आला असेल, तर ज्याच्याशी ठरले त्याला तिथूनच फोन लावून खातरजमा करावी. वाटेत आपोआप उगवलेल्या ट्रकवाल्याला, तो कितीही मदतशील वाटला तरी, ठरवलेल्या माणसाशी बोलल्याशिवाय गाडी देऊ नये.

मग चालकाच्या देखत गाडीभोवती फिरून व्हिडिओ काढावा. त्यात बंपर, आरसे, चाकांच्या रिम, टपाची बाजू आणि किलोमीटरचा आकडा यावा. पुढे ओरखड्यावरून बोलणी झाली, तर हाच व्हिडिओ उपयोगी पडतो. वाहतूक करताना होणारे नुकसान खासगी मोटारीच्या सर्वसमावेशक विम्यात येते खरे, पण तो दावा केला की न-दावा सवलत जाते. त्यामुळे टोइंगवाला नुकसानीची जबाबदारी घेतो का, हे आधीच्या संदेशातच विचारलेले असावे.

गाडी ओढण्यासाठी बहुतेक मोटारींना स्क्रूसारखा बसणारा एक हुक दिलेला असतो, तो डिकीत जॅकच्या साहित्याबरोबर ठेवलेला असतो आणि बंपरवरचे छोटे झाकण काढून बसवतात. तो देऊन "इथे लावा" म्हणावे. नाहीतर साखळी सस्पेन्शनच्या दांड्याला अडकवली जाते आणि नंतर गाडीची अलाइनमेंट बिघडलेली आढळते. हौद्यावर गाडी पट्ट्यांनी टायरवरून बांधलेली असावी, चारही बाजूंनी. पुढून दोनच पट्टे लावून निघालेला ट्रक थांबवून मागचे पट्टे लावून घेण्यात संकोच करू नये. सीएनजी गाडी असेल, तर सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद करून चालकाला तसे सांगावे.

चढवलेल्या गाडीत कोणी बसायचे नसते. ट्रकच्या केबिनमध्ये चालक-मदतनीस सोडून जेमतेम एक-दोघांची जागा असते, म्हणून चार जणांचे कुटुंब असेल, तर बाकीच्यांच्या प्रवासाची सोय ट्रक येण्याआधीच करावी. शक्य असल्यास घरातल्या एकाने ट्रकबरोबर जावे. आरसीची मूळ प्रत देऊ नये, डिजिलॉकरमधली पाठवावी. लॅपटॉप, दागिने, घराच्या किल्ल्या काढून घ्याव्यात. गाडीची चावी मात्र द्यावी लागते. टोल नाक्यावर हौद्यावरच्या गाडीचा फास्टॅगही वाचला जाऊ शकतो, तेव्हा पैसे कापल्याचा संदेश येतो का, तेही पाहत राहावे.

सोसायटीच्या तळघरात बंद पडलेल्या गाडीला फ्लॅटबेड थेट पोचत नाही, उंची आडवी येते. गाडी डॉलीवर घेऊन किंवा ढकलून रॅम्पवर आणावी लागते आणि या कामाचे वेगळे पैसे लागतात. तळघराची उंची आणि रॅम्पचे वळण फोनवरच सांगितले, तर योग्य साहित्य घेऊन माणसे येतात. दुचाकीसाठी एवढा खटाटोप लागत नाही. छोटा हत्ती भाड्याने घेऊन, हँडलच्या दोन्ही बाजूंनी पट्टे आवळून ती उभी नेता येते, फक्त साइड स्टँडवर टेकवून नेऊ नये.

गॅरेजला पोचल्यावर

टोइंग ठरवतानाच गॅरेजला फोन करून ते गाडी घेतील का, हे विचारावे. अधिकृत केंद्रे संध्याकाळनंतर आणि सुटीच्या दिवशी गाडी आत घेत नाहीत आणि रात्री अकरा वाजता बंद फाटकासमोर उभा राहिलेला ट्रकवाला थांबण्याचे पैसे लावतो, त्यात त्याची चूक नसते. रखवालदार गाडी घेत असेल, तर त्याच्याकडून नोंदवहीत वेळ आणि गाडीचा क्रमांक लिहून घ्यावा, त्या पानाचा फोटो काढावा.

गाडी उतरवल्यावर पुन्हा एकदा भोवती फिरून पाहावे आणि मगच पैसे द्यावेत. पावतीवर ट्रकचा क्रमांक, कुठून कुठे, तारीख आणि पूर्ण रक्कम असावी. 'टोइंग चार्ज' एवढेच लिहिलेली चिठ्ठी विमा कंपनी परत पाठवते. यूपीआयने पैसे देताना पडद्यावर दिसणारे नाव पावतीवरच्या नावाशी जुळत नसेल, तर विचारावे. बऱ्याचदा ते चालकाच्या भावाचे किंवा मालकाच्या पत्नीचे असते, अशा वेळी पावतीवरच 'रक्कम या नावावर मिळाली' असे लिहून घेतले की भरपाईच्या वेळी अडचण येत नाही.